फुगणारा स्नायू आणि पटलाचा शोध

कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं. बेडकाचा स्नायूही जास्त खारट द्रावणात आक्रसतो आणि पातळ द्रावणात फुगतो. १९०२ साली अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी हे स्नायूंचं वजन करकरून मोजलं. सुमारे ०.७ टक्के मिठाच्या पाण्यात वजन स्थिर राहायचं. द्रावणाची तीव्रता निम्मी केली, तरी वजन दुप्पट मात्र होत नसे. स्नायूतलं काही पाणी ‘बांधलेलं’, म्हणजे या ये-जा करण्यात भाग न घेणारं असावं, असा त्यांचा तर्क. १९३० मध्ये ए. व्ही. हिल यांनी बाष्पदाबावरून दाखवलं की जवळजवळ सगळं पाणी मोकळंच आहे.

ओव्हर्टन यांचा दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी मिठाऐवजी तेवढ्याच परासरण दाबाचं, म्हणजे पाणी तेवढ्याच जोरानं ओढणारं, साखरेचं द्रावण घेतलं. स्नायू विजेच्या झटक्याला दाद देईना. मीठ मिळताच पुन्हा आकुंचन पावू लागला.

मग पटल, म्हणजे स्नायुपेशीभोवतीचं पातळ आवरण, नेमकं काय काय आत येऊ देतं? १९४१ मध्ये डब्लिनच्या बॉयल आणि कॉनवे यांनी द्रावणाची एकूण तीव्रता तीच ठेवून सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलं. साध्या हिशेबानं काहीच घडायला नको होतं. पण स्नायू फुगला, कारण पोटॅशियम आणि क्लोराइड दोन्ही आत शिरले आणि त्यांच्यामागे पाणी. सोडियमला पटलातून वाटच नाही, हे त्यांचं गृहीतक मात्र टिकलं नाही. सोडियम आत येतं आणि पेशी ऊर्जा खर्चून ते बाहेर काढते. त्याच वर्षी डीन यांनी अशा पंपाची कल्पना मांडली. १९५७ मध्ये स्काऊ यांना त्यामागचं विकर (एन्झाइम) सापडलं, तेही खेकड्याच्या चेतातंतूंत.

पुढे परासरण हे संशोधकांचं हत्यारच झालं. स्नायू तासभर ग्लिसरॉलच्या द्रावणात ठेवायचा आणि परत साध्या रिंगर द्रावणात, म्हणजे शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या पाण्यात आणायचा. या धक्क्यानं पटलापासून आत खोल जाणाऱ्या आडव्या नलिका तुटतात. १९६७ मध्ये आयझेनबर्ग आणि गेज यांनी अशा तंतूंचे विद्युत गुणधर्म मोजले. पृष्ठभागावरून संदेश धावतो, पण तंतू हलत नाही. नलिकांचं काम याहून स्पष्ट कशानं दिसलं असतं?

पाण्याच्या स्वतंत्र वाटा, म्हणजे ॲक्वापोरिन, १९९२ मध्ये पीटर ॲग्रे यांच्या गटाने सिद्ध केल्या. जलद आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंच्या पटलात त्यांतलं चौथ्या क्रमांकाचं प्रथिन भरपूर असतं. तेव्हा सगळं कोडं सुटलं असं वाटावं, तर २००० मध्ये ते प्रथिन नसलेले उंदीर तपासले गेले. त्यांच्या स्नायूंत पाणी पूर्वीइतक्याच वेगानं ये-जा करत होतं.