शीतनजल संस्करण (सूक्ष्मजीवजन्य संक्षारण)

कारखान्यातील उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी नळ व संघनक (वाफेचे पाणी करणारे साधन) यांचा धातू खाऊ नये म्हणून त्या पाण्यावर केलेली प्रक्रिया.

जंतूंचा लोखंडाच्या गंजण्याशी संबंध असावा, असे विसाव्या शतकाच्या आरंभीच सुचवले गेले होते. त्याची रीतसर उपपत्ती मात्र नेदरलँड्समधील फोन वोल्झोगेन क्यूर आणि व्हान डर व्ह्लुख्त यांची (१९३४). हवाबंद ओल्या जमिनीतल्या बिडाच्या नळांबाबत त्यांनी असे मांडले, की सल्फेट-क्षपणक जंतू (सल्फेटापासून सल्फाइड बनवणारे) धातूच्या पृष्ठावरील हायड्रोजन वापरून टाकतात व लोखंड विरघळण्याची क्रिया चालू राहते. पुढे जंतूंनी तयार केलेल्या लोह सल्फाइडाच्या (लोखंड व गंधक यांच्या संयुगाच्या) थरानेही गंजणे वाढते, याकडे लक्ष वेधले गेले. काही प्रजाती लोखंडातून थेट इलेक्ट्रॉन घेत असाव्यात, असे २००४ मध्ये पुढे आले. सर्व भार एकट्या हायड्रोजनवर टाकणे आता कठीण दिसते. कूलिंग टॉवरच्या (गरम झालेले पाणी हवेने थंड करणाऱ्या मनोऱ्याच्या) नळांत सल्फाइडाचा वाटा मोठा मानणे अधिक सयुक्तिक.

अशा नळाच्या आत तपकिरी गाठी दिसतात. गाठ स्क्रू ड्रायव्हरने फोडली की आत काळा चिखल आणि त्याखाली चकचकीत खड्डा असतो. चिखलावर हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकताच सडक्या अंड्याचा वास येतो; ही सल्फाइडाची खूण.

जंतू मारायला क्लोरीन स्वस्त, पण पीएच (आम्लता-अल्कता मोजण्याचे माप) ७.५ ला त्याचा सुमारे निम्मा, तर ८.५ ला जेमतेम दशांश भाग प्रभावी हायपोक्लोरस अम्लाच्या रूपात उरतो. टॉवरचे पाणी आटत जाते तसे बहुधा अल्कधर्मी होते, म्हणून तेथे ब्रोमीन सरस. मात्र ही दोन्ही द्रव्ये जंतूंनी धातूवर धरलेल्या बुळबुळीत थराच्या वरच्या पदरातच खर्ची पडतात. त्यामुळे थर सुटा करणारे द्रव्य आणि आलटून पालटून ग्लुटराल्डिहाइड किंवा आयसोथायाझोलिनोन यांसारखे दुसरे जंतुनाशक द्यावे लागते. नुसत्या पाण्यातले जंतू मोजून समाधान मानणे ही घातक चूक होय. धातूला चिकटलेले जंतू त्या मोजणीत येत नाहीत. क्लोरीनचा अतिरेकही धातूला बाधतो.

कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांच्या इंडक्शन (विजेने धातू वितळवणाऱ्या) भट्ट्या व साखर कारखाने यांना हा विषय जवळचा. साखर कारखान्यात रसाच्या वाफेबरोबर संघनकाच्या पाण्यात साखर उतरली, तर जंतूंना आयते खाद्य मिळते. हंगाम संपल्यावर नळात पाणी साचून राहू देऊ नये. ते पूर्ण काढून नळ कोरडे करावेत. टॉवरमधून काढलेल्या पाण्यातील जंतुनाशक निष्प्रभ केल्याशिवाय ते पंचगंगा नदीकडे जाणाऱ्या ओढ्यात सोडू नये. मासे त्याने मरतात.