लाँचचं तोंड कुठे?

भाऊच्या धक्क्यावर मोऱ्याच्या लाँचमध्ये बसलो होतो. वेळ जाईना म्हणून फोनवर नकाशा उघडला, तर निळा बाण कधी शिवडीकडे, कधी कुलाब्याकडे. लाँच मात्र दोरांनी बांधलेली, जागची हललेली नाही. सुटल्यावर बाण ताळ्यावर आला, पण तेव्हाही अर्धवट खोटाच. ओहोटीची ओढ अशी की लाँचचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे.

फोन बिचारा काय करणार? जीपीएस ‘कुठे’ ते सांगतं, ‘तोंड कुठे’ ते नाही. चालत्या वाहनाची दोन ठिकाणं जोडून दिशा निघते, पण ती चालीची. होकायंत्र म्हणावं तर आजूबाजूचं लोखंड त्याला भुलवतं.

मग टपावर मीटरभर अंतराने दोन अँटेना बसवायच्या. दोघींची ठिकाणं काढून रेघ जोडली की झालं, असं वाटतं. पण साध्या जीपीएसचं ठिकाण काही मीटरनी चुकतं, त्या चुकीत मीटरभराची रेघ कुठच्या कुठे बुडते. म्हणून संकेत वाहून आणणारी रेडिओलहरच मोजतात. 1575.42 मेगाहर्ट्झची ही लहर सुमारे 19 सेंटिमीटर लांब असते, आणि रिसीव्हर तिचा शंभरावा भाग, म्हणजे दोनेक मिलिमीटर, ओळखू शकतो. उपग्रह 20,200 किलोमीटर उंचीवर, म्हणून दोन्ही अँटेनांवर त्याचे किरण समांतरच येतात. एकीवर लहर किंचित आधी पोहोचते. तो फरक कळला की रेघेचा कोन कळला.

गोम पुढेच आहे. लहरीचा अपूर्णांक मोजता येतो, पूर्ण लहरी किती गेल्या ते कळत नाही. सगळ्या सारख्याच, कुणाच्या पाठीवर नंबर नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये मधोमध चेपलेल्या माणसाला खिडकीतून फलाटावरचा खांब नेमका दिसतो, स्टेशनाचं नाव दिसत नाही, तसं. मुरलेला प्रवासी मग फलाट कुठल्या बाजूला आला, मागचं स्टेशन सुटून किती वेळ झाला, उतरायला कोण सरसावलं, यावरून ताडतो. इथेही खुणा जमवूनच उत्तर काढावं लागतं.

अँटेना नऊ सेंटिमीटरवर, म्हणजे अर्ध्या लहरीच्या आत ठेवल्या तर हा घोळच उरत नाही. पण मग पाच मिलिमीटरची चूक तीन अंशांना पडते. मीटरभरावर तीच चूक 0.3 अंश. अंतर वाढवलं की अचूकता वाढते आणि घोळही वाढतो. मीटरभरात पाच लहरी मागे, पाच पुढे, म्हणजे एका उपग्रहामागे 11 शक्यता. पाच उपग्रह धरले तर 1,61,051. आणि एक लहर चुकली तर दिशा ढोबळमानाने 11 अंशांनी ढळते.

आधी वजाबाक्या करतात. दोन अँटेनांची मोजमापं वजा केली की उपग्रहाच्या घड्याळाची चूक गळते, दोन उपग्रहांची वजा केली की रिसीव्हरच्या घड्याळाची. उरलेल्या शक्यता चाळायची नामी युक्ती 1993 साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या पीटर ट्यूनिसन यांनी मांडली. तिचं नाव लॅम्डा. पूर्ण लहरींच्या या संख्यांच्या, म्हणजे पूर्णांकांच्या, चुका एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे शोधाचा प्रदेश पडवळासारखा लांबुळका आणि तिरका होतो. त्यात पूर्णांक हुडकणं जिकिरीचं. लॅम्डा पूर्णांकांची आपसात अशी बेरीज-वजाबाकी करते की पडवळाचा जवळपास लाडू होतो, आणि आत मोजकेच उमेदवार उरतात.

मला याहून आवडते ती साधी अट. दोन अँटेनांमधलं अंतर आपणच टेपने मोजलेलं असतं. एखादं उत्तर ते 1.15 मीटर म्हणत असेल तर सरळ बाद.

तरी कटकटी उरतातच. पाण्यावरून, डोलकाठीवरून परावर्तित झालेली लहर मापात पावलहरीपर्यंत, म्हणजे जवळपास पाच सेंटिमीटरची, चूक घालू शकते. क्रेनच्या आडून गेलं की संकेत क्षणभर तुटतो, लहरींची मोजणीही तुटते आणि सगळं पहिल्यापासून. दोन-तीन फ्रिक्वेन्सी आणि भरपूर उपग्रह असतील तर एका क्षणाच्या मोजमापातही गाठ सुटते. एकच फ्रिक्वेन्सी आणि अर्धं आकाश झाकलेलं असेल, तर सारंगाची नजरच बरी.