उंचीवाढ (शल्यसाध्य) : परिचितांचा प्रतिसाद

मांडीचे किंवा नडगीचे हाड शस्त्रक्रियेने कापून त्याचे दोन तुकडे सावकाश दूर सारले, की मधल्या जागेत नवे हाड तयार होते. या पद्धतीने निरोगी प्रौढाने केवळ इच्छेखातर उंची वाढवून घेतली, तर भोवतालची माणसे त्या उंचीला कशी सामोरी जातात, हा या नोंदीचा विषय आहे. शास्त्रीय लेखनात ‘अस्थिदीर्घीकरण’ ही संज्ञा वापरतात. घराघरांत ‘उंचीचं ऑपरेशन’ किंवा ‘पायात रॉड टाकून उंची वाढवली’ असेच बोलले जाते. सामाजिक निरीक्षणे बडोद्यातील, मुख्यतः दांडिया बाजार, रावपुरा व वाडी या भागांतील मराठी कुटुंबांच्या वहिवाटीला धरून आहेत.

उगम : या तंत्राच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. बोलोन्यातील अस्थिशल्यविशारद आलेस्सांद्रो कोदिविल्ला यांनी 1905 मध्ये आखूड पाय लांब करण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. इटालियन परंपरा त्यांनाच आद्य मानते, आणि कालक्रमाने ते बरोबर आहे. मात्र त्यांची रीत हाड कापून टाचेतून घातलेल्या खिळ्याला जोराचा ताण देण्याची होती. हा ताण एकदम बसे, आणि नसा, स्नायू व कातडी यांना तो सोसत नसे. पुढे इटलीत पुत्ती यांनी 1921 च्या सुमारास आणि अमेरिकेत ॲबट यांनी 1927 मध्ये ताण टप्प्याटप्प्याने देण्याचे प्रयत्न केले.

आजची पद्धत ज्या तत्त्वावर उभी आहे ते सैबेरियातील कुर्गान येथे गाव्रिइल इलिझारोव्ह (1921–1992) यांनी सिद्ध केले. पायाभोवती बसवून तारांनी हाडाला जोडलेल्या त्यांच्या वर्तुळाकार चौकटीचा आरंभ बहुधा 1951 च्या आसपासचा असावा. तिच्या शोधाचा सोव्हिएत सरकारी दाखला त्यानंतर काही वर्षांनी मिळाला. एका रुग्णाने चौकटीचे नट उलट्या दिशेने फिरवले, तुकडे जवळ येण्याऐवजी दूर गेले, आणि फटीत नवे हाड दिसल्याने शोध लागला, अशी हकिकत सर्वत्र सांगितली जाते. ती निव्वळ दंतकथा म्हणता येणार नाही. पण सावकाश ताणाने ऊती वाढतात, हा नियम त्यांनी पुढे वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनी बांधला, आणि प्रस्तुत लेखकाला श्रेयाचा मोठा वाटा त्या चिकाटीकडे जातो असे वाटते. उंच उडीतील ऑलिंपिक विजेते व्हालेरी ब्रुमेल यांच्या मोडलेल्या पायावर इलिझारोव्ह यांनी केलेल्या उपचारांमुळे 1968 नंतर त्यांचे नाव देशभर झाले. पश्चिमेला ही पद्धत 1980–81 मध्ये, इटालियन साहसप्रवासी कार्लो माउरी कुर्गानहून पाय बरा करून परतल्यावर कळली. हे सर्व उपचार अपघाताचे, जन्मजात व्यंगाचे किंवा पोलिओचे होते. हौसेची उंचीवाढ नंतरची आहे. हाडाच्या पोकळीत बसणारी आणि बाहेरून चुंबकाने लांबवता येणारी सळई 2011 च्या सुमारास आल्यावर तिला खरी चालना मिळाली.

प्रक्रिया : हाड कापल्यावर पाच ते सात दिवस थांबतात. मग रोज साधारण 1 मिमी, तोही पाव-पाव मिमीच्या चार टप्प्यांत, अंतर वाढवतात. 6 सेंमी उंचीसाठी फक्त ताणण्यातच दोन महिने जातात, आणि नवे हाड टणक होण्यास त्याहून पुष्कळ अधिक. जंतुसंसर्ग, हाड न जुळणे, मज्जातंतूला इजा, टाच उचललेलीच राहणे या गुंतागुंती होऊ शकतात. चीनने 2006 मध्ये सौंदर्यासाठीच्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. भारतात 2016 मध्ये हैदराबादेतील एका तरुणाने आईवडिलांना न सांगता ती करवून घेतल्यावर मोठा वाद झाला. त्या वादात शस्त्रक्रियेइतकेच ‘घरच्यांना न सांगता’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले.

प्रतिसाद : अनोळखी माणसाला काहीच दिसत नाही, त्याच्यापुरता समोरचा तेवढाच उंच. प्रतिसाद येतो तो ज्यांच्या नजरेत जुने माप बसलेले आहे त्यांच्याकडून. त्यांचा पहिला संशय पादत्राणांवर जातो. बडोद्याच्या मराठी घरात चपला-बूट उंबऱ्यापाशीच निघतात, त्यामुळे तो संशय तिथेच फिटतो आणि खरा प्रश्न सुरू होतो. ‘अरे, केवढा वाढलास!’ हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाला लाडाने म्हटले जाते. तेच सत्ताविशीच्या भाच्याला म्हणताना मावशीचा आवाज मध्येच थांबतो, कारण हाडांच्या टोकांशी असलेल्या, लांबी वाढवणाऱ्या वाढपट्ट्या मिटल्यावर उंची वाढत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असते. आठ-दहा महिन्यांची गैरहजेरी ‘बाहेरगावी ट्रेनिंग होतं’ म्हणून सांगितलेली असते. तिचाही उलगडा त्याच क्षणी होतो.

दुसरी खूण चालीची. मांडीचे हाड लांबवलेल्यांची कंबर काही काळ पुढे झुकते आणि पावले बदकासारखी डुलत पडतात. नडगी लांबवलेल्यांची टाच जमिनीला नीट टेकत नाही. ‘पायाला काय झालं?’ या प्रश्नात काळजी असते. ‘अपघात झाला होता’ असे उत्तर मिळाले की सहानुभूती मिळते. खरे कारण सांगितले की पुष्कळदा तीच सहानुभूती काढून घेतली जाते. दुखणे दोन्हीकडे सारखेच असताना हा भेद अन्यायाचा आहे. ‘ठेंगू’, ‘बुटक्या’, गुजराती शेजाऱ्यांकडून ‘ठींगणो’ ही हाक ज्याने शाळेपासून ऐकली, त्याला नंतर ‘एवढं काय अडलं होतं?’ असे विचारणे सोपे असते.

बडोद्यात शरीर घडवण्याला मान आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथले राजरत्न प्रा. माणिकराव यांची परंपरा मराठी घरांत आजही आदराने सांगितली जाते. माणिकरावांची ख्याती हाडे बसवण्यातही होती. मोडलेले हाड बसवणारा पूजनीय, दंड-बैठका मारून कमावलेले शरीर अभिमानाचे. पण धडधाकट हाड मुद्दाम मोडून घेतलेली उंची ‘कमावलेली’ मानायला जुनी पिढी सहसा तयार होत नाही. रोज चार वेळा ताण सोसून, फिजिओथेरपीत घाम गाळून ती मिळते, हे त्यांच्यापुढे क्वचितच कोणी मांडते.

सर्वांत नाजूक प्रसंग लग्न जुळवण्याचा. बायोडाटात फूट-इंचात लिहिलेली उंची नवी असते आणि ती खोटी नसते. तरीही ‘आधी सांगायला हवं होतं’ अशी तक्रार पुढे येऊ शकते, विशेषतः मुलांची उंची कोणावर जाईल हा प्रश्न निघाल्यावर, कारण शस्त्रक्रियेने आनुवंशिकता बदलत नाही. स्थळ पाहणाऱ्यांना ती बाब पहिल्या-दुसऱ्या भेटीत सांगणे रास्त होय. उंचीवाढ केलेल्या स्त्रियांच्या बाबतीत चर्चा अधिकच दबक्या आवाजात होते.

जन्मतः खुजेपणा असलेल्या व्यक्तींच्या अमेरिकेतील संघटनांत वेगळाच आक्षेप घेतला गेला : समाजाची नजर बदलायची सोडून शरीर का बदलावे?

प्रमाण : वाढते ते फक्त पायांचे माप. धड व हात तेवढेच राहतात. दोन्ही हात पसरल्यावरचे अंतर, जे सामान्यतः उंचीएवढे असते, नव्या उंचीपेक्षा कमी भरते. शिंप्याला हे सर्वांआधी कळते, कारण त्याच्या वहीत शर्टाचे माप जुनेच राहते आणि पँटची लांबी अडीच इंचांनी पुढे सरकलेली असते. मंगलकार्यात पंगत बसली की, गुडघे पुरते वळत असतील तर, तो माणूस मांडी घालून भावंडांच्या रांगेत बसतो आणि त्याचे डोके पूर्वी जिथे लागे तिथेच लागते. वाढपी वाकून पानात वरण वाढतो. हात धुवायला सगळे उठतात, तेव्हा शेजारी बसलेल्या चुलतभावाला मान वर करावी लागते.