कॅसिनो दरोडा

कॅसिनोतील रोकड किंवा चिपा (पैशांऐवजी खेळायला मिळणाऱ्या चकत्या) धाक दाखवून, बळाने वा फसवून लांबवण्याच्या गुन्ह्याला बोलीत सरसकट कॅसिनो दरोडा म्हणतात. कायदा मात्र डोकी मोजतो. भारतीय न्याय संहितेनुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा (कलम ३१०). त्याहून कमी माणसे असतील तर ती नुसती जबरी चोरी (कलम ३०९). पडद्यावरच्या टोळ्या दरोड्यात सहज बसतात. प्रत्यक्षात कॅसिनो लुटणारा बहुतेक वेळा एकटा किंवा दुकटा असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात जुगार म्हणजे मटका, ज्याला इथे ओसी असेही म्हणतात, आणि पत्ते. कॅसिनो पाहायचा तर चोर्ला घाट उतरून पणजी गाठावी लागते. गोव्याने १९७६च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांना आणि १९९६ साली जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट करून दिली. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे गिऱ्हाईक सगळे बाहेरचे. मांडवीतल्या जहाजावर जायला छोट्या होडीत बसावे लागते आणि परतायलाही तीच. लुटारूच्या दृष्टीने याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

चित्रपटांमुळे रूढ झालेली कल्पना अशी: जमिनीखाली तिजोरी, तिच्यात नोटांचे ढीग, एकेका कामात तरबेज माणसांची टोळी आणि मिनिटामिनिटाचा बेत. २००१च्या ‘ओशन्स इलेव्हन’मध्ये अकरा जण लास व्हेगासच्या तीन कॅसिनोंची एकच तिजोरी फोडून १६ कोटी डॉलर नेतात. हिशेब करून पाहावा. डॉलरच्या नोटेचे वजन सुमारे एक ग्रॅम. सगळ्या नोटा शंभराच्या धरल्या तरी सोळा लाख नोटा, म्हणजे सोळाशे किलो. साखर कारखान्यातून निघणाऱ्या पन्नास किलोच्या पोत्यांत मोजले तर बत्तीस पोती. अकरा जणांत वाटली तर माणशी जवळजवळ तीन पोती पाठीवर, आणि चेहऱ्यावर तरी घाम नाही.

टेबलावर फिरते ती मुळात रोकड नसून चिप असते, आणि ती खानावळीच्या कुपनासारखी: ज्याने दिले त्याच्याच गल्ल्यावर चालते. त्यामुळे चित्रपट जिथे संपतो, म्हणजे दाराबाहेर, तिथे खऱ्या चोराची अडचण सुरू होते. १४ डिसेंबर २०१० रोजी पहाटे लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत मोटारसायकलचे हेल्मेट घातलेला एक तरुण पिस्तूल घेऊन शिरला आणि सुमारे १५ लाख डॉलरच्या चिपा घेऊन मोटारसायकलवरून पसार झाला. इथवर सगळे सिनेमासारखे. पण त्यांत २५ हजार डॉलरच्या चिपा होत्या, आणि एवढ्या मोठ्या चिपा खिडकीवर ठेवणाऱ्याला त्या आल्या कुठून हे विचारले जाणारच. कॅसिनोने तर त्या चिपांची मालिकाच बाद करण्याचे जाहीर केले. चोर त्याच हॉटेलात येऊन राहिला, खेळला आणि हरला. शेवटी मोठ्या चिपा विकायला गेला तेव्हा गिऱ्हाईक म्हणून समोर साध्या वेषातला पोलीस होता.

यशस्वी चोऱ्या बहुधा आतल्या माणसाच्या असतात. १९९२ मध्ये लास व्हेगासच्याच स्टारडस्ट कॅसिनोचा रोखपाल सुमारे पाच लाख डॉलर घेऊन चालत बाहेर पडला, तो आजतागायत सापडलेला नाही. ना पिस्तूल, ना सुरुंग. २०२३ मध्ये तिथल्याच सर्का कॅसिनोत तर चोराने पाऊलही टाकले नाही. मालक बोलतोय असे भासवून फोन केला आणि रोकड सांभाळणाऱ्या कर्मचारी बाईनेच दहा लाखांहून अधिक डॉलर बाहेर नेऊन दिले. फोनवरच्या ‘पोलिसाला’ घाबरून पैसे पाठवणाऱ्यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्याला हे नवे वाटणार नाही. याच्या उलट टोकाला मनिला, जून २०१७. कर्जात बुडालेल्या एका जुगाऱ्याने रिसॉर्ट्स वर्ल्ड या कॅसिनोत आग लावून चिपा भरून घेतल्या. त्याच्यासह अडतीस जण मेले, बहुतेक धुरात गुदमरून. चिपा तिथेच मिळाल्या.

पडद्याचा अनुकरणाशी संबंध कर्नाटकातही दिसतो, पण तो बँकांच्या बाबतीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये दावणगेरे जिल्ह्यातील न्यामती इथल्या स्टेट बँकेतून सतरा किलोंहून अधिक सोने गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सूत्रधाराला त्याच शाखेने कर्ज नाकारले होते, आणि त्याने ‘मनी हाइस्ट’ ही मालिका व यूट्यूब पाहून बेत आखला. बहुतेक सोने अखेर तमिळनाडूतल्या एका विहिरीतून निघाले.

सप्टेंबर २०२५ मध्ये विजयपूर जिल्ह्यातील चडचणच्या बँकेतले लुटारू सोने घेऊन महाराष्ट्रात शिरले. सीमा ओलांडली की सुटलो, हा हिशेब इथे जुनाच. मंगळवेढा तालुक्यातील हुलजंती गावात त्यांच्या गाडीला अपघात झाला, गावकऱ्यांशी वाद झाला आणि गाडी तिथेच टाकून त्यांना पळावे लागले. लुटीतली एक पिशवी नंतर गावातल्याच एका पडक्या घराच्या छतावर मिळाली.