श्रेणीबद्ध ड्रॉपडाउन मेनू

डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या मेनूबारवरील शब्दावर क्लिक केले की खाली उघडणारी आज्ञांची यादी म्हणजे ड्रॉपडाउन मेनू. यादीतील काही ओळींच्या टोकाला छोटा त्रिकोण असतो. अशा ओळीवर माउसचा बाण नेला की शेजारी उपमेनू उघडतो. याद्यांच्या या उतरंडीला श्रेणीबद्ध मेनू म्हणतात. ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे मेनूबार सर्वपरिचित झाला. आयबीएमच्या १९८७ च्या नियमावलीने फाइलपासून मदतपर्यंतचा आजचा क्रम पक्का होण्यास हातभार लावला.

मेनूची मांडणी कामाच्या क्रमाने करावी. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याच्या अडत दुकानासाठी सॉफ्टवेअर करायचे आहे, असे धरू. दिवाणजींचे काम आवक, सौदे, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब), खरेदीदाराचे बिल, येणे-देणे असे पुढे सरकते. मेनूबारवर हेच शब्द याच क्रमाने हवेत. ‘मास्टर’ आणि ‘युटिलिटी’ हे विभाग प्रोग्रॅमरच्या सोयीचे असतात. हमालीचा दर कुठे बदलायचा, हे त्यांवरून कळत नाही. आधी प्रत्येक आज्ञा वेगळ्या चिठ्ठीवर लिहावी आणि दोन-तीन दुकानांतील दिवाणजींना त्या चिठ्ठ्यांचे गट पाडायला सांगावे. जी चिठ्ठी प्रत्येकाने वेगळ्या गटात टाकली, त्या आज्ञेचे नाव बदलावे लागते.

मेनूची खोली, म्हणजे एकातून एक उघडणाऱ्या याद्यांची संख्या, दोन पातळ्यांची पुरते. संशोधक डी. पी. मिलर यांनी १९८१ मध्ये ६४ पर्याय वेगवेगळ्या खोलीत मांडून तुलना केली. आठ-आठ पर्यायांच्या दोन पातळ्या सर्वांत सोयीच्या ठरल्या. दोन-दोन पर्यायांच्या सहा पातळ्यांत माणसे रेंगाळली आणि चुकली. तिसरी पातळी लागू लागली, तर बहुधा आज्ञांच्या जागी माहिती शिरलेली असते. ‘अहवाल’मध्ये ‘हळद’, त्यात ‘राजापुरी’ ही जात, त्यात जिल्ह्याचे दहा तालुके आणि त्याखाली गावे, ही रचना याच चुकीची. गावे वाढत जातात, मेनू वाढू नये. तेथे ‘आवक अहवाल…’ अशी एकच ओळ ठेवावी आणि माल, जात, तालुका पुढच्या चौकटीत निवडू द्यावेत. ओळीअखेरचे तीन ठिपके आणखी माहिती विचारली जाणार असल्याचे सांगतात.

उपमेनूतील सर्वांत मोठी अडचण बाणाच्या वाटेत असते. २२० पिक्सेल रुंद मेनूतील ओळ २४ पिक्सेल उंच असेल, तर उपमेनूत जाण्यासाठी तेवढ्याच अरुंद बोगद्यातून बाण आडवा न्यावा लागतो. ॲको आणि झाई या संशोधकांच्या १९९७ मधील नियमानुसार अशा वाटेला लागणारा वेळ लांबी भागिले रुंदी या प्रमाणात वाढतो. येथे ते गुणोत्तर सुमारे ९ आहे. म्हणून हात आपोआप तिरका जातो, बाण खालच्या ओळीला लागतो आणि हवा असलेला उपमेनू मिटतो. विंडोज यावर थांबण्याचा उपाय करते: उपमेनू बदलण्याआधी मूळ सेटिंगनुसार ४०० मिलिसेकंद जातात. ‘मेनू झटपट उघडावेत’ म्हणून हा आकडा शून्यावर आणणारे तिरक्या वाटेची सवलतच काढून टाकतात. मॅकिंटॉशवर बाण उपमेनूच्या दिशेने निमुळत्या पट्ट्यात असेपर्यंत उपमेनू उघडा राहतो. हा उपाय अधिक चांगला, कारण सरळ खाली जाणाऱ्याला थांबावे लागत नाही. प्रोग्रॅमरने विंडोज किंवा मॅकिंटॉशचा तयार मेनू न वापरता स्वतःचा मेनू रंगवून घेतला, तर या दोन्ही गोष्टी नव्याने लिहाव्या लागतात. शक्यतो प्रणालीचाच मेनू वापरावा.

मराठी मेनूसाठी ओळीची उंची जास्त लागते. इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळीत वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. ‘पूर्ण’ आणि ‘सौदे’ हे शब्द घालून तपासावे. उंची ३० पिक्सेल केली की बोगद्याचे गुणोत्तरही सुमारे ७ वर येते. मात्र ७६८ पिक्सेल उंचीच्या पडद्यावर तेव्हा जेमतेम २४ ओळी मावतात.

माउसशिवाय मेनू उघडण्यासाठी ऑल्ट कळीसोबत दाबायचे अक्षर ही मराठीतील खरी अवघड जागा. ते अक्षर दाखवणारी अधोरेखा उकाराखाली झाकली जाते. शिवाय ‘आवक’साठी क ठरवला, तर इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असताना तो के या कळीवर मिळतो, कळफलक इंग्रजीवर असला की तीच कळ के पाठवते आणि मेनू उघडत नाही. दिवाणजी आकडे आणि नावे टाकताना कळफलक सतत बदलत असतात. म्हणून मराठी नावाशेजारी कंसात रोमन अक्षर द्यावे आणि दोन्ही कळफलकांवर तपासावे. बाणांच्या कळा मात्र भाषेवर अवलंबून नसतात: उजवी कळ उपमेनू उघडते, डावी मिटवते आणि एस्केप एक पातळी मागे आणते.

आत्ता लागू नसलेली आज्ञा राखाडी करावी. त्या व्यक्तीला अधिकारच नसेल तर दाखवू नये. त्रिकोण असलेल्या ओळीला स्वतःची आज्ञा जोडू नये. ‘दिवस बंद करा’ ही त्या दिवसाचे व्यवहार संपवणारी ओळ ‘पट्टी छापा’च्या लगत नको, मध्ये विभाजक रेघ हवी, आणि शक्य असल्यास ती दुसऱ्याच मेनूत ठेवावी. पडद्याच्या उजव्या कडेला जागा संपली की उपमेनू डावीकडे उघडतो आणि तिसरी पातळी असल्यास आधीच्याच यादीवर बसतो, म्हणून चाचणी घेताना खिडकी उजव्या कडेला सरकवून प्रत्येक उपमेनू उघडून पाहावा.