कूपनलिकेतील जलप्रवाह आणि विरघळलेली खनिजे

बोअरच्या पाण्यात किती क्षार उतरतात हे जितके खडकावर, तितकेच पाण्याच्या चालीवर ठरते. गोव्यात याची दोन्ही टोके दिसतात. वर सच्छिद्र जांभा असल्याने वर्षाला सुमारे ३००० मिमी पडणारा पाऊस त्यातून भराभर झिरपतो. विरघळण्याजोगे बरेच काही जांभ्यातून पूर्वीच धुऊन गेले आहे, त्यामुळे हे उथळ पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. खालच्या शिस्ट, फायलाइट व नाइस खडकांच्या भेगांत मात्र पाणी संथ सरकते. संपर्क लांबतो, तसे कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका वाढत जातात.

बोअर स्वतःही पाण्याला वाट करून देते. केसिंगखाली, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या नळीखाली, उघड्या राहिलेल्या भेगांत दाब वेगवेगळा असला, तर पंप बंद असतानाही पाणी एका भेगेतून शिरून दुसरीत निघून जाते. तेव्हा वर येते ते मिश्रण. तसे पाणी खडकात कुठेच नसते.

लोहाच्या बाबतीत घोटाळा सर्वाधिक. प्राणवायूविना ते विरघळलेले, रंगहीन असते. हवा लागली की बादलीतले स्वच्छ पाणी तांबूस होते आणि तळाशी गाळ बसतो. साचलेल्या पाण्यात केसिंगचा गंजही मिसळतो. म्हणून आधी केसिंगमधल्या पाण्याच्या तिप्पट उपसा करून मग नमुना घेण्याचा प्रघात आहे. हा नियम डोळे मिटून पाळण्यासारखा नाही: कमी पाण्याची बोअर कोरडी पडली तर आत हवा शिरते, लोह तिथेच साकळते आणि अहवालात कमी दिसते. विद्युत वाहकता, सामू (pH) आणि तापमान स्थिरावेपर्यंत हळू उपसणे अधिक भरवशाचे. लोहाच्या बाटलीत जागेवरच नायट्रिक आम्लाचे थेंब घालतात, नाहीतर लोह काचेला चिकटून बसते.

मांडवी-जुवारी नद्यांच्या भरतीच्या पट्ट्यात आणि किनाऱ्यालगत प्रश्न क्लोराइडचा. समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच गोड्या पाण्याखाली साधारण ४० मीटर गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तोलून राहते. जोरात उपसा केला की खालचे खारे पाणी बोअरकडे वर उचलले जाते आणि पंप थांबवल्यावर सावकाशच खाली बसते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिग्रॅ क्लोराइड आहे. २००२च्या भूजल नियमन कायद्याने गोव्यात विहीर किंवा बोअर खोदण्यास परवानगी लागते. पण पाणी कमी पडले म्हणून किनाऱ्यावर बोअर आणखी खोल नेणे म्हणजे खाऱ्या थराच्या जवळ जाणे, आणि तिथे शेजारच्या उथळ विहिरीचे पाणी गोडे असताना बोअरचे मचूळ लागू शकते.