वय चढवून सांगणारी पोरं

१९१४ साली, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, ब्रिटिश सैन्यात भरतीसाठी १८ वर्षं पूर्ण लागत आणि परदेशी आघाडीवर जायला १९. भरती केंद्रात मात्र वय नुसतं विचारलं जाई. जन्मदाखला कुणी मागत नसे. उंची आणि छाती भरली की पोरगा सांगेल ते वय कागदावर चढे. भरती करणाऱ्या सार्जंटला सुरुवातीला दर माणशी अडीच शिलिंग मिळत. मिसरूड न फुटलेल्या पोरानं खरं वय सांगितलंच, तर 'जरा फिरून ये, मग बघू' असं सुचवून पुन्हा बोलावल्याच्या आठवणी कितीतरी सैनिकांनी पुढे सांगितल्या. म्हणून ही लबाडी एकट्या पोरांच्या माथी मारणं मला पटत नाही. अशी अल्पवयीन मुलं अडीच लाखांच्या घरात होती, असा अंदाज आहे. त्यांतली बरीच शाळा सोडून आधीच खाणीत नाहीतर गिरणीत मोठ्यांचं काम करत होती. सैन्यात पगार होता, पोटभर जेवण होतं आणि गल्लीतले दोस्तही निघाले होते.

ऑस्ट्रेलियाचा जेम्स मार्टिन एप्रिल १९१५ मध्ये भरती झाला तेव्हा जेमतेम सव्वाचौदा वर्षांचा होता, सांगितलं १८. परवानगी दिली नाहीत तर खोट्या नावानं जाईन आणि पत्रही लिहिणार नाही, असं त्यानं घरी बजावलं होतं. आईबापांनी नाइलाजानं होकार दिला. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर जाताना त्याच्या जहाजावर टॉर्पेडो आदळला आणि तो काही तास पाण्यात होता. तरीही तो खंदकात पोचला. तिथून घरी लिहिलेल्या पत्रात, तुमचं एकही पत्र हाती आलेलं नाही, असं त्यानं कळवलं. २५ ऑक्टोबरला इस्पितळाच्या जहाजावर विषमज्वरानं तो गेला.

ब्रिटनमध्ये खासदार आर्थर मार्कहॅम यांनी हा प्रश्न संसदेत लावून धरला. सिडनी लुईस हा १२ व्या वर्षी भरती झालेला मुलगा १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत होता. आईनं युद्ध खात्याला जन्मदाखला पाठवला, तेव्हा कुठे तो घरी आला. त्याच वर्षी सक्तीची भरती सुरू झाली होती. सैन्याला माणसं मिळायची अशी सोय झाल्यावरच पुरावा देणाऱ्या पालकांचं ऐकणं सरकारला सोपं गेलं, असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धातही हेच घडलं. १९४२ मध्ये १२ वर्षांचा कॅल्विन ग्रॅहॅम अमेरिकी नौदलात शिरला. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटाजवळच्या लढाईत स्वतः जखमी असताना त्यानं साथीदारांना मदत केली. खरं वय उघड झाल्यावर त्याला कोठडीत टाकलं आणि त्याची पदकं काढून घेतली. बाकीची पदकं १९७८ मध्ये परत मिळाली, पण जखमी सैनिकाला मिळणारं पर्पल हार्ट १९९४ मध्ये त्याच्या कुटुंबाच्या हाती आलं. कॅल्विनला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.